वीस मिनिटांतली अठरा

मुलाखत सारिकाची होती आणि शाल माझ्या खांद्यावर.

कुंभिवलीच्या एका पॅकेजिंग कंपनीत लेबलं तपासायला माणूस हवा होता. सारिका स्वमग्न आहे, म्हणजे ऑटिस्टिक. एचआर मॅनेजरांनी तिला आधी दोनदा परत पाठवलेलं. कारण? "आय कॉन्टॅक्ट नाही." लेबलं काय डोळ्यांत बघून तपासतात? तिसऱ्यांदा नापास झाली, तर कंपनीच्या नियमानं वर्षभर अर्ज बंद. म्हणून तिच्या आईनं मला सोबत यायची गळ घातली. मी खोपोलीला तत्त्वज्ञान शिकवतो. माझा विषय न्यूरोडायव्हर्सिटी. म्हणजे सगळ्यांचे मेंदू एका साच्यातले नसतात, बस. एवढंसं सांगायला मला वीस वर्षं पगार मिळतोय.

मुलाखतीसाठी एकूण वीस मिनिटं ठरलेली. आधी अर्थातच सत्कार. तज्ज्ञ आले म्हटल्यावर शाल-नारळाशिवाय आपल्याकडे काम सुरू होतं का? मग मॅनेजर म्हणाले, "सर, दोन शब्द बोला."

प्राध्यापकाला दोन शब्द! अहो, मी सुटलोच. अपंग माणसाच्या वतीनं आपण बोलू नये, त्याला बोलू द्यावं, हे मी उदाहरणांसकट पटवून दिलं. मॅनेजर मान डोलावत होते. सारिका भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होती. मला वाटलं, कंटाळली बिचारी.

"सर," ती घड्याळाकडे बघतच म्हणाली, "विसातली अठरा मिनटं झाली. मी कधी बोलू?"

मेल्याहून मेल्यासारखं झालं. मॅनेजर हसले.

"त्यातली सहा तुमची हायत," ती त्यांना म्हणाली. "सत्काराची."

मी खुर्चीत बसलो आणि तोंड मिटलं. तिनं पर्समधून कागद काढून वाचला. "मशीनचा आवाज सहन होत नाय, कानाला प्लग लागतील. काम तोंडी सांगू नका, लिहून द्या. बोलणाऱ्याच्या डोळ्यांत बघितलं की तो काय बोलतोय ते मला कळत नाय. आधी काम बघा, मग ठरवा."

"प्लग तर स्टोअरमध्ये पडलेत," मॅनेजर पुटपुटले.

"मग द्या की."

तीन महिन्यांच्या ट्रायलवर घेतलं. आता ती कायम आहे.

त्या दिवशी गेटवर तिच्या आईनं माझे हात धरले. "सर, तुमी बोललात म्हणून झालं बगा!"

मी नम्रपणे मान खाली घालायच्या बेतात होतो.

"नाय गं आई," सारिका म्हणाली. "सर थांबले म्हणून झालं."

हल्ली बोलावलं की जातो. शाल घेतो, नारळही घेतो. दोन शब्द तेवढे घरी ठेवून जातो.