बेसिकवरची अंगठी

वाशीतल्या आमच्या इमारतीत सोळा घरं होती. कोणाच्या घराण्याविषयी कोणालाच काही माहीत नव्हतं आणि प्रत्येकाचा पगार मात्र सगळ्यांना माहीत होता. कोणी रत्नागिरीकडून आलेलं, कोणी साताऱ्याकडून, कोणी परळच्या दोन खोल्या सोडून. गावात माणसाच्या चार पिढ्या ठाऊक असतात, त्यामुळे लग्न जमवताना विचारायला विषय मिळतात. इथे तसा एकच विषय होता.

त्यातूनच अंगठीचा नियम निघाला. साखरपुड्याला मुलीकडच्यांनी मुलाला घालायची अंगठी मुलाच्या एका महिन्याच्या पगाराची असावी. हा नियम कोणी केला ते मी पुष्कळ जणांना विचारलं. कोकणातले म्हणत, घाटावरची पद्धत असेल. घाटावरचे म्हणत, कोकणातली. कोणाच्याही गावी ती नव्हती. ऐंशीच्या दशकाच्या पहिल्या चार-पाच वर्षांत ती आमच्या जिन्यावर तयार झाली, आणि ताईचं लग्न ठरायच्या सुमारास लोक तिला 'आपल्यातली जुनी रीत' म्हणू लागले होते.

खाडीकडच्या गावातून एक बाई आमच्याकडे मासळी घेऊन यायची. गावाची शेतं सरकारने घेतली होती आणि त्याच शेतांवर आमच्या इमारती उभ्या होत्या. तळमजल्यावरच्या वहिनींनी तिला एकदा कौतुकाने सांगितलं, की त्यांच्या जावयाची अंगठी पाऊण तोळ्याची आहे. बाईने पाटी खाली ठेवली आणि म्हणाली, "यवरा सोना त आमचे नाकान हाय, बाय." वहिनींनी त्या दिवशी बोंबील घेतले नाहीत.

माझी थोरली बहीण बँकेत होती. वय अठ्ठावीस. आईच्या हिशोबात हे वय म्हणजे शेवटची गाडी. दोन स्थळं तिने नाकारली होती, तीन स्थळांनी तिला. सहावं स्थळ तुर्भ्याच्या एका रसायनांच्या कारखान्यातला केमिस्ट होता. तो वाशीतच दोन सेक्टर पलीकडे राहायचा. दोघं दोनदा भेटली, एकदा उडप्याकडे आणि एकदा पुलाच्या बाजूला फिरायला. दुसऱ्या भेटीहून आल्यावर ताईने आईला सांगितलं, "बरा आहे. हसतो." आईला एवढं पुरलं. मला तिने आणखी एक गोष्ट सांगितली. तो म्हणाला होता, "मी अंगठी घालत नाही. प्लँटमध्ये चालत नाही, गेटवरच काढून ठेवावी लागते. मला नकोच आहे." ताईला हे आवडलं होतं. मुलगा सरळ बोलतो, असं तिचं मत झालं.

बैठक एका रविवारी सकाळी आमच्याकडे झाली. त्यांच्याकडून मुलगा, त्याचे आईवडील आणि मामा. आमच्याकडून वडील, आई, मी आणि सोसायटीचे सेक्रेटरी. सेक्रेटरींचं आमच्याशी नातं नव्हतं, पण मध्यस्थ लागतो आणि सख्खे काका कोल्हापूरला होते. मी वर्तमानपत्रात उपसंपादक होतो, म्हणून याद लिहायचं काम माझ्याकडे आलं. हॉल, जेवणावळ, मानाच्या साड्या असं एकेक कलम पाऊण तासात पार पडलं. मग सेक्रेटरी म्हणाले, "आता अंगठ्या. मुलाची आपल्या रीतीप्रमाणे, एक महिन्याचा पगार."

मी तसं लिहिलं.

"पगार म्हणजे?" मामांनी विचारलं. मामा कुठल्याशा कामगार संघटनेचं काम बघायचे आणि प्रत्येक वाक्य करारावर सही करायची असल्यासारखं बोलायचे.

"पगार म्हणजे बेसिक," वडील म्हणाले. ते सरकारी कचेरीत आस्थापना शाखेत होते.

"बेसिक? साहेब, बेसिकवर कोणाचं घर चालतं? पगार म्हणजे हातात येतो तो. डीए धरा, घरभाडं धरा."

"महागाई भत्ता हा पगार नाही, मामा. तो महागाईचा आहे. उद्या महागाई कमी झाली तर?"

"झालीय कधी?"

"नियमात तरतूद आहे."

"मग सोन्याचा भाव बेसिकवर लावता का? सोनारही म्हणेल, मला डीए द्या!"

मुलाचे वडील हसले. आमच्या वडिलांना ते हसणं लागलं. त्यांनी विचारलं, की ओव्हरटाइमही धरायचा का, आणि धरायचा तर कोणत्या महिन्याचा. मामा म्हणाले, बारा महिन्यांची सरासरी काढा. सेक्रेटरींनी खिशातून पेन्सिल काढली. मुलाने शर्टच्या खिशातून घडी घातलेली पगाराची स्लिप काढून मामांच्या हातात दिली. ती त्याने बरोबर आणली होती, ही गोष्ट त्या वेळी कोणाला विशेष वाटली नाही. वडील आणि मामा तिच्यावर ओणवे झाले. भविष्य निर्वाह निधीची कपात वजा करायची की नाही, यावर दहा मिनिटं गेली. आत पोहे गार झाले.

अर्ध्या तोळ्यासाठी की पाऊण तोळ्यासाठी, एवढाच हा वाद होता. मुख्य गोष्ट कोणी बोललं नाही. अंगठी गेटवर काढून ठेवायची होती.

ताई चहा घेऊन बाहेर आली. ट्रे टेबलावर ठेवून ती तिथेच उभी राहिली.

"मला घालायची अंगठी कशावर? माझ्या बेसिकवर की ग्रॉसवर?"

कोणी कप उचलला नाही. तिचा पगार मुलापेक्षा जास्त होता आणि हे त्या खोलीतल्या प्रत्येकाला माहीत होतं. मुलाकडच्यांनी पत्रिकेच्या आधी तोच विचारला होता.

"बाळ, हे मोठ्यांचं चाललंय," मामा म्हणाले. "मुलीच्या अंगठीला हिशोब नसतो. मुलीला पद्धतीप्रमाणे चार ग्रॅम."

"कोणाच्या पद्धतीप्रमाणे?"

"अगं, आत जा," आई दारातून म्हणाली.

"जाते. माझी स्लिप पर्समध्ये आहे, आणून देऊ का? त्यात डीए वेगळा दाखवलाय." मग ती मुलाकडे वळली. "तुमचं काय म्हणणं आहे?"

तो काय बोलणार ते तिला ठाऊक होतं. निदान तिला तसं वाटत होतं. पुलाच्या बाजूला त्याने ते आपणहून सांगितलं होतं. त्याला आता फक्त तेच वाक्य चारचौघांत पुन्हा म्हणायचं होतं: मला अंगठी नको.

मुलाने स्लिपकडे पाहिलं, मग मामांकडे.

"मामा म्हणतील तसं," तो म्हणाला.

ताईने मान हलवली आणि ट्रे तिथेच ठेवून आत गेली. माझ्यासमोरच्या कागदावर 'वराची अंगठी' असं लिहून पुढे जागा सोडलेली होती, आणि मी ती भरायची वाट पाहत होतो. कागद घेऊन बसलेल्या माणसाने मध्ये बोलायचं नसतं असं आम्हाला वर्तमानपत्राच्या कचेरीत शिकवलं होतं, आणि ते मी घरीही पाळलं. बैठक कळवतो-कळवतोवर संपली.

मंगळवारी संध्याकाळी सेक्रेटरी वर आले ते दोन पायऱ्या एकदम चढत. मामांचा निरोप होता. त्यांनी विचार केला होता. बेसिक मान्य होतं.

वडिलांचा चेहरा मी इतका उजळलेला पुन्हा फक्त त्यांच्या निवृत्तीच्या समारंभात पाहिला. ते स्वयंपाकघराच्या दारात गेले. "ऐकलंस का? बेसिकवर आले!"

ताई भाजी चिरत होती. "त्यांना नाही म्हणून कळवा," ती म्हणाली.

"अगं, पण ते आपलं मानतायत."

"हो. मला तो मुलगा नकोय."

"आता काय झालं? मामांनी शब्द मागे घेतला ना!"

"मामांशी माझं काही भांडण नाही," ताई म्हणाली. "ते निदान बोलले."

आई रडली. तिसऱ्या दिवशी वडील जिन्यावर लोकांना सांगू लागले, की स्थळ आम्हीच सोडलं, पण बेसिकवर आले होते. हे वाक्य पुढे कित्येक वर्षं घरी येणाऱ्या पाहुण्यांना ऐकावं लागलं. एका कर्त्या मुलीचं लग्न मोडलं ही त्यातली गौण बाब असायची. इमारतीने या प्रकरणातून धडा घेतला आणि रीत सुधारली: यापुढे बेसिक अधिक निम्मा डीए.

ताईचं लग्न आणखी तीन वर्षांनी झालं, कोपरखैरण्याच्या एका शाळेतल्या शिक्षकाशी. साखरपुड्याच्या दोन्ही अंगठ्या ती दोघं ठाण्याला जाऊन घेऊन आली. दिसायला सारख्या. किती वजनाच्या, ते त्यांनी कोणाला सांगितलं नाही. वडिलांनी दोनदा विचारलं, मग आईकरवी विचारलं, मग माझ्याकरवी. पावतीही सापडली नाही. आपल्या मुलीच्या साखरपुड्याला किती सोनं लागलं हे त्यांना शेवटपर्यंत कळलं नाही, आणि तिने नाकारलेल्या सगळ्या स्थळांपेक्षा त्यांना हे जास्त लागलं.

साखरपुड्याच्या दिवशी अंगठ्या घालून झाल्यावर सेक्रेटरी पुढे झाले. त्यांनी जावयाचा हात दोन्ही हातांत घेऊन अभिनंदन केलं आणि तो बराच वेळ सोडला नाही. त्यांचा अंगठा अंगठीवरून हळूहळू फिरत होता. वडील बाजूला उभे राहून त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होते.

सेक्रेटरींनी हात सोडला आणि खांदे उडवले.