डोहाबाहेरची पेंढी

ट्रकभर क्रेटं परत आली होती. मॅनेजरसाहेबांनी त्यातली एक बाटली उघडली आणि माझ्या नाकाखाली धरली.

"घ्या वास. तुमच्या पंपाचं पाणी."

घेतला. कुजक्या गवताचा वास. दिवाळी सरली की दरसाल थोडा यायचा, त्या साली लयच आला.

माझी शाळा दुसरीपर्यंत. पण ताडकळसच्या बाजूला तो थंड्या बाटल्यांचा कारखाना निघाला तेव्हापासून जॅकवेल माझ्या ताब्यात होती. जॅकवेल म्हणजे ओढ्याकाठची मोठी विहीर. ओढ्याचं पाणी वाळूतून पाझरून तिच्यात उतरतं, मग पंपानं कारखान्यात. माझ्या पंपाला नाव ठेवलेलं मला आजही खपत नाही.

साहेब म्हणाले, ब्लिचिंग पावडर वाढवा. वाढवली. वास गेला नाही, नुसता दवाखान्यासारखा झाला.

"साहेब, पाणी येतंय तेच नासकं. कुठं नासतंय ते बघून येतो."

"आणि पंप कोण बघणार?"

"बंद ठेवा. नाहीतरी बाटल्या परतच यायल्यात."

काठाकाठानं वर निघालो. पाणी चहाच्या रंगाचं. खेकडे पाण्यातून निघून दगडावर बसलेले. खेकडा पाणी सोडून बसला म्हणजे पाण्यात दम नाही, एवढं मला कळतं. वरच्या गावाच्या डोहाशी पोचलो आणि खुलासा झाला. डोहभर अंबाडीच्या पेंढ्या, वर दगड ठेवून दाबलेल्या. अंबाडी पाण्यात कुजवली की साल सुटते. तिला वाख म्हणतात. वाखाचे कासरे, दावी, सगळे दोर. गावाची रीतच ती. वाहत्या पाण्यात वाख पांढरा निघतो, म्हणून सगळ्यांना डोहच पाहिजे.

साहेबांनी वर कळवलं. कंपनीनं ठरवलं, भांडायचं नाही. ज्यांच्या पेंढ्या डोहात आहेत त्यांनी त्या आपल्या रानात खड्डा खोदून भिजवाव्यात, आणि त्याबद्दल कंपनी दर हंगामाला पैसे देईल. पाणी राखायचे पैसे! असलं कुणी ऐकलेलं नव्हतं. पारावर बैठक झाली. गावातले मोठे शेतकरी तात्याराव मिशीवरून हात फिरवत म्हणाले, "डोह आमचा, पेंढ्या आमच्या, आन पैसे तुमचे? मंजूर हाय बुवा!" सगळा पार हसला.

कुणाकुणाची अंबाडी आहे ते बघायचा जिम्मा माझ्यावर. रानं हिंडत गेलो. काठावरचं शेवटचं रान लिंबाजीचं, बौद्ध वस्तीतला. त्याची अंबाडी रानातच खड्ड्यात भिजत होती, वर माती लिंपलेली. खड्ड्याचं पाणी तो मिरचीला सोडायचा, आणि मिरची बघण्यासारखी आलेली. मला नवल वाटलं.

"लिंबाजी, ही युक्ती कुठं शिकलास?"

"युक्ती कशाची मिस्तरी? आमाला डोहाला हात कुठं लावू देत होते? बापानं खड्डा खांदला. त्योच चालू हाय." मग म्हणाला, "मला किती भेटणार?"

"तुझी पेंढी डोहात नव्हती ना. नियम तसा हाय."

"म्हंजी ज्यांनी पाणी नासवलं त्यांना पैसे. आन ज्याला नासवू बी दिलं न्हाई, त्याला?"

जवाब सुचला नाही की मला राग येतो. आधी त्याचाच आला. घरी जाईपर्यंत नियमाचा आला.

दुसऱ्या दिवशी सकाळी लिंबाजी डोक्यावर पेंढी घेऊन डोहावर हजर. विद्यापीठाच्या नामांतराचे दिवस होते ते, दोन्हीकडची डोकी तापलेली. माणसं धावत आली. मीही पोचलो.

"येडा झालास का रे?" तात्याराव ओरडले. "बाटलीत वास गेला तर आमचे पैसे जातेल!"

"आज वासाची काळजी लागली व्हय तात्या? खाली वाळूत खांदलेल्या आमच्या झिऱ्याचं पाणी वर्सानुवर्सं वास मारायलंय. तवा नाकं कुठं ठेवली होती?"

मागं एक म्हातारी तोंडाला पदर लावून हसली. लिंबाजीनं पेंढी काठावर ठेवली आणि तिच्यावर बसला. "आज टाकतो. पुढल्या साली बंद करतो. मंग बसंल ना नियमात?"

"टाकू नको," मी म्हणालो. "मी येईस्तोवर उठू बी नको."

तसाच साहेबांकडं गेलो, सगळं सांगितलं.

"टाकली का त्यानं?" साहेबांनी विचारलं.

"न्हाई."

"मग नियमात बसत नाही."

"टाकल्यावर बसंल. टाक म्हणून सांगू का?"

"तुम्ही त्याच्या बाजूचे की कंपनीच्या?"

"मी पाण्याच्या बाजूचा. कंपनी पाणी राखायचे पैसे देते का घाण करायचे, तेवढं सांगा. मी जाऊन निरोप देतो. तोवर खुर्चीवरून हलत न्हाई."

खरंच हललो नाही. साहेबांनी दोनदा चहा मागवला, मला एकदाही विचारलं नाही. शेवटी त्यांनी फोन उचलला. दुपारी निरोप घेऊन मी डोहावर गेलो. लिंबाजी पेंढीवर बसून भाकर खात होता.

नियम बदलला. जॅकवेलच्या वर ओढ्याकाठी ज्याचं रान, आणि ज्याची अंबाडी पाण्याला शिवत नाही, त्या सगळ्यांना सारखे पैसे. वाटप पारावर झालं. नावं मी पुकारत होतो. लिंबाजीचं नाव घेतलं तर तो जागचा उठेना.

"आधी बापाचं घ्या मिस्तरी. खड्डा त्यानं खांदलाय."

बाप जाऊन लय वर्षं झाली होती. मी साहेबांकडं बघितलंच नाही. मोठ्यानं पुकारलं, "रानबा!" मग लिंबाजी उठला.

पुढच्या हंगामात बाटल्यांना वास आला नाही. खेकडे पाण्यात गेले. काही वर्षांनी कारखाना बंद पडला, पैसे थांबले, आणि पेंढ्या हळूहळू परत डोहात आल्या. मग बाजारात नायलॉनचे दोर आले, अंबाडीच गेली, आणि डोह फुकटात स्वच्छ झाला.

मी शिकलो ते एवढंच. पाणी नासवणारा वासावरून सापडतो. न नासवणाऱ्याला वास नसतो, त्याला हिंडून शोधावं लागतं.