पिंपावर बसलेले काका

गारखेड्यातल्या आमच्या बिल्डिंगीत माझ्या शेजारणीच्या, चारुताच्या ब्लॉगमधून सुटलेला माणूस शोधून सापडणार नाही. त्या वर्षी दुष्काळ होता; टँकरची वाट बघून डोळे शिणायचे, समोर मात्र नव्या सात मजली इमारतीचं काम जोरात चालू. या साऱ्याची ती मजा लिहायची. बाई धीट. पण तिचा एक नियम होता: ज्याच्यावर लिहिलं त्याला आधी वाचून दाखवायचं, आणि त्यानं कधीही नको म्हटलं की लेख काढून टाकायचा. मला हा नियम भाबडा वाटायचा. लिहिणाऱ्यानं इतकं कशाला भ्यावं?

सगळ्यात गाजला तो वरच्या मजल्यावरच्या यमुनाकाकूंच्या घरचा लेख. शेजारी पाणी मागायला आले, तेव्हा काकांनी पाण्यानं भरलेल्या बुटक्या पिंपावर चादर टाकली, वर स्वतः बसले आणि सांगितलं, "घरात थेंब नाय." मग उठायची सोय राहिली नाही. शेजारी गप्पा मारत बसले आणि काका तासभर पिंपावरच. चारुतानं दोघांना वाचून दाखवलं तेव्हा काकांनी मान डोलावली आणि काकू पोट धरून हसल्या. "टाक," म्हणाल्या, "पण मी म्हणले तर काढायचं बघ."

पुढं पुण्याहून हिमांशू नावाच्या तरुणाचा फोन आला. त्यांच्या वाचनाच्या ॲपला अख्खा ब्लॉग हवा होता. चारुताला हे मनापासून हवं होतं; घरात पेढेही आले. "कर सही, अटी कोण वाचतं?" तिचा नवरा विश्वजित म्हणाला. तिनं वाचल्या. हक्क कायमचे त्यांचे, हवा तो बदल ते करणार, आणि ब्लॉग बंद.

तिनं घासाघीस केली. कायमच्या जागी तीन वर्षं ठरली, ब्लॉगही चालू ठेवायला ते तयार झाले.

"आणि काकूंनी काढा म्हटलं तर?"

"मॅडम, एकदा घेतलेला लेख आम्ही मधेच काढत नाही."

चारुता काकूंकडे गेली. भोचकपणा माझ्या रक्तातच, मीही गेलो.

"कर की सही," काकू म्हणाल्या. "लई नाव होईल तुझं."

"आज हसताय, काकू. उद्या नको वाटलं तर काढणं माझ्या हातात नसेल."

"उद्याचं मला काय ठावं, पोरी? म्हणून तर तसं बोलून ठेवलं."

चारुतानं फक्त स्वतःवरचे लेख देऊ केले. हिमांशूला काकांचं पिंपच हवं होतं, बोलणं तुटलं. तिला फार वाईट वाटलं. विश्वजितनं आणि मी तिला वेड्यात काढलं. तिनं आम्हाला चहा पाजला आणि पुढचा लेख आमच्यावर लिहिला.

पुढच्या वर्षी काका गेले. तेराव्यानंतर काकू खाली आल्या.

"येणारं-जाणारं माणूस पिंपाचीच गोष्ट काढतंय. मायेनंच काढतात, पण मला आता सोसंना. तेवढं काढ."

चारुतानं त्यांच्यासमोरच लेख काढला.

"कुठंच नाय ना आता?" काकूंनी विचारलं.

"कुठंच नाही," चारुता ठामपणे म्हणाली. तिला तसं म्हणता आलं, याचा मला फार अभिमान वाटला.