खिडकीतून आलेला दगड

शेजारच्या सुमनकाकूंच्या खिडकीवर काल संध्याकाळी पुन्हा दगड आला. काका गेल्यापासून दीर ‘घर सोडा’ म्हणून हात धुऊन मागे लागलेत. सकाळी मी चहा घेऊन गेले, तर काचा झाडून झाल्या होत्या आणि तोच दगड स्वच्छ धुऊन लोणच्याच्या बरणीवर दाब म्हणून ठेवलेला.

“काकू, भीती नाही वाटत?”

“कशाची? राखणारा बसलाय ना!”

मला हे जमत नाही. माझी श्रद्धा दाराला कडी घातल्यावर सुरू होते.

निघताना पाहिलं, काकूंचं अंथरूण त्याच फुटक्या खिडकीखाली होतं. देव्हारा मात्र त्यांनी आतल्या भिंतीशी हलवला होता.

“देवांना लागायला नको गं,” त्या हळूच म्हणाल्या.