मेहुण्यांची पहिली सीडी

तीस वर्षं रॉक गिटार वाजवूनही ज्याने एकाही शेजाऱ्याची झोपमोड केली नाही, असा माणूस साऱ्या पृथ्वीवर एकच असेल, आणि तो माझ्या बायकोचा थोरला भाऊ आहे. मेहुण्यांचे केस खांद्यापर्यंत रुळत. जीन्स गुडघ्यावर फाटलेली असे, पण तिलाही कडक इस्त्री असे. आठवडाभर हडपसरच्या एका कारखान्यात यंत्रांची ड्रॉइंग्ज काढायची आणि रविवारी सकाळी दहाला कोथरूडच्या घरी बँडची तालीम घ्यायची. दहा म्हणजे दहा. एकदा ड्रमर सात मिनिटं उशिरा आला. मेहुणे दारातच त्याला म्हणाले, "तुझी सात मिनिटं आम्ही तुझ्याशिवाय वाजवली. बरी झाली." एका कॉलेजच्या गॅदरिंगला मुलं बाकांवर चढून नाचायला लागली, तेव्हा ऐन रंगात आलेलं गाणं थांबवून यांनी माइकवर सांगितलं, "बाक कॉलेजचे आहेत. खाली उतरून नाचा." मुलं उतरली आणि खरोखरच खाली नाचली.

त्यांची बायको, म्हणजे आमच्या वहिनी, शाळेत गणित शिकवायच्या. प्रत्येक कार्यक्रमाला पहिल्या रांगेत, कानात कापूस घालून, मांडीवर उत्तरपत्रिकांचा गठ्ठा घेऊन बसायच्या. आवडतं का, असं मी एकदा विचारलं, तर म्हणाल्या, "मला त्यातलं काही कळत नाही हो. ह्यांना घरी न्यायला येते."

पुढे गावात कॉम्प्युटरचे दिवस आले आणि बँडला गळती लागली. ड्रमर आणि बेसवाला सॉफ्टवेअर शिकून अमेरिकेला गेले. गायक हडपसरच्याच एका कॉल सेंटरमध्ये मुलांना अमेरिकन उच्चार शिकवायला लागला. इतकी वर्षं आम्ही त्याच्या ज्या उच्चारांना हसलो, त्यांना अखेर गिऱ्हाईक मिळालं. मेहुणे मात्र दर रविवारी दहाला एकटेच तालीम करत राहिले.

"आता स्वतःच्या नावाने काहीतरी काढा," मी म्हटलं.

"माझ्या नावाने कशाला? मी बँडमध्ये वाजवतो."

"बँड आहे कुठे?"

"बाहेरगावी गेलाय."

मग एके दिवशी ते कारखान्यातून थेट माझ्याकडे आले. चहाचा कप त्यांनी दोन्ही हातांनी धरला होता. कारखान्यातल्या वार्षिक तपासणीत कान तपासले होते. "बारीक, उंच सूर ऐकू येईनासे होताहेत," ते म्हणाले. "हळूहळू आणखी जातील म्हणे. हिला सांगितलेलं नाही अजून." राजीनामा वाचून दाखवावा अशा आवाजात ते बोलत होते. "कान जायच्या आधी माझं म्हणून काही वाजवून ठेवावं म्हणतो."

असा त्यांचा एकट्याचा अल्बम ठरला. शब्द नाहीत, फक्त गिटारच्या सहा धुना. एक आईच्या शिलाई मशीनची, एक हडपसरच्या पहिल्या पाळीची, एक अमेरिकेला गेलेल्या ड्रमरची. ती मुद्दाम थोडी उशिरा सुरू होत होती. कोथरूडमध्ये एका बंगल्याच्या गॅरेजात स्टुडिओ होता. तीन धुना नीट झाल्या. चौथीला रेकॉर्डिंग करणारा काचेपलीकडून म्हणाला, "काका, वर तार ताणताना सूर चढतोय."

मेहुण्यांनी पुन्हा वाजवलं. "अजून चढतोय." पाचव्यांदा त्याने तेच सांगितलं, तेव्हा मेहुणे गिटार पेटीत ठेवू लागले. "बंद करा. मला तो सूर ऐकूच येत नाहीये," ते म्हणाले. घरात न सांगितलेली गोष्ट अशी सगळ्यांसमोर सांगून झाली.

मागच्या खुर्चीवर वहिनी पेपर तपासत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "तिसऱ्या ओळीतला शेवटून दुसरा सूर. घरी बरोबर वाजवता. इथे घाबरून जास्त ताणताय."

मेहुणे बघतच राहिले. "तुला कळतं?"

"जन्मभर चुका तपासतेय. कुठे आहे ते कळतं."

"कानात कापूस घालून?"

"तो एकाच कानात असतो," वहिनी म्हणाल्या. मग त्या खुर्ची ओढून समोर येऊन बसल्या आणि हळूच म्हणाल्या, "आणि कानांचंही ठाऊक आहे मला. दोन वर्षं झाली, कुकरच्या शिट्ट्या मलाच मोजाव्या लागतात." त्या दिवसापासून सूर चढला की त्यांचा तांबडा पेन खाली जायचा, उतरला की वर. सहाही धुना पुऱ्या झाल्या.

सीडीचं प्रकाशन सोसायटीच्या हॉलमध्ये रविवारी सकाळी दहाला झालं. सेक्रेटरींनी परवानगी देताना बजावलं होतं, "वाजवा, हरकत नाही. पण आग्रह झाला तरी पुन्हा वाजवू नका." अमेरिकेहून बेसवाला आला होता. ड्रमरही आला, पावणेदहालाच. मेहुणे माइकवर एवढंच बोलले, "ही पहिली. दुसरी जाड तारांवर करणार आहे. त्या माझ्याशी अजून बोलतात."

शेवटची धून सगळ्यांत बारीक तारेवर, अगदी वरच्या सुरावर संपत होती. एरवी डोळे मिटून वाजवणारे मेहुणे तेव्हा टक्क उघड्या डोळ्यांनी समोरचा एकेक चेहरा बघत होते. सेक्रेटरी घड्याळ बघायचं विसरले होते. मेहुण्यांनी तो सूर छेडला, तारेवर बोट दाबून धरलं आणि नुसते ओठ हलवून वहिनींना विचारलं, "संपला?"

वहिनींनी मान हलवली. अजून नाही.

आणि मेहुणे बोट तसंच दाबून, त्यांच्याकडे बघत थांबून राहिले.