कोरडं ठेवलेलं बदक

बदक माझं नव्हतं, हे आधीच सांगतो. बदक पाळायची हौस मला कधी नव्हती.

वारज्याला आमच्या घरावर एक खोली आहे. तिथे भंडाऱ्याकडचं एक जोडपं भाड्याने राहतं. नवरा हिंजवडीच्या कंपन्यांची बस चालवतो. पहाटे जातो आणि परत कधी येईल ते त्यालाही माहीत नसतं. बायको घरी असायची. तिच्या गावाकडे तळी पुष्कळ आणि घराघरात बदकं. इथे तिला करमेना, म्हणून तिने बाजारातून एक पिल्लू आणून वाढवलं. पांढरं, पिवळ्या चोचीचं, आणि आवाज असा की घसा बसलेला माणूस भांडतोय असं वाटावं.

सातव्या महिन्यात ती पहिल्या बाळंतपणाला माहेरी निघाली. दाराशी रिक्षा उभी, गाडीची वेळ होत आलेली, आणि ही बदक काखेत घेऊन आमच्या उंबऱ्यावर.

"काकाजी, याले सांभाळजा बरं. यांच्याच्यानं होत नाही. दोन जीवांचं नाही सांगत, याले धरून तीन जीवांचं सांगते."

तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. बाई रडायला लागली की मला काही सुचत नाही. मी म्हणालो, "जसं देतेस त्याहून बरं करून परत देईन. माझा शब्द आहे."

हा शब्द मी काही हवेत दिला नव्हता. नारायण पेठेत चाळीस वर्षं माझं सायकलदुरुस्तीचं दुकान होतं. शाळा चौथीत सुटली, पण चाकाचा आऊट काढायला माझ्याकडे तीन पेठांमधून लोक यायचे. चाक वाकडं फिरायला लागलं की आम्ही त्याला आऊट आला म्हणतो. दुकानात ठेवलेली सायकल ठेवली त्यापेक्षा वाईट होऊन परत गेली, असं एकदाही झालं नाही. हे मी अभिमानाने सांगतो आणि सांगणारच.

तीन आठवडे बरे गेले. ते पुढच्या अंगणात फिरायचं, तिने दिलेल्या प्लॅस्टिकच्या टबात डुंबायचं, आमच्या तुळशीखालची माती उकरायचं. मग एका सकाळी बघतो तर लंगडतंय.

कुठे आपटलं नाही, कुत्रं आलं नाही, काही नाही. रात्री धडधाकट झोपलं आणि सकाळी लंगडं उठलं. माणूस असता तर विचारलं असतं, बाबा कुठे दुखतंय? याला विचारलं तर ते एक डोळा माझ्याकडे करून बघायचं. आणि बदकाचा डोळा बघून काही म्हणजे काही कळत नाही. दुखतंय, भूक लागलीय, की मी आवडत नाही, सगळ्याला डोळा एकच.

मग मी माझ्या पद्धतीने बघायला घेतलं. चाकाला आऊट आहे का ते वरून दिसत नाही, डोळा रिमच्या पातळीवर न्यावा लागतो. म्हणून मी अंगणात पालथा पडलो, हनुवटी सिमेंटच्या कोब्याला टेकवली आणि माझ्या बायकोला म्हणालो, "त्याला इकडून तिकडे चालव."

ती म्हणाली, "अहो, त्याला मी चालवीन. तुम्हाला उठवणार कोण?"

चालताना ते डावीकडे कलंडत होतं. आता चाकाचा नियम असा, की रिम डावीकडे ओढली जात असेल तर दोष उजवीकडे असतो. उजव्या तारा सैल पडलेल्या असतात, त्या कसायच्या. मी म्हणालो, "उजवा पाय गेलाय. हाडाला मार आहे."

"मला तर डावा वाटतो," बायको म्हणाली. "डावा टेकला की अंग चोरतंय."

"तुला चाकातलं काय कळतं?"

"चाकातलं नाही कळत. पायातलं विचाराल तर मला दोन आहेत."

मी लक्ष दिलं नाही. बांबूच्या दोन कामट्या तासून गुळगुळीत केल्या, उजव्या पायाला दोन्ही बाजूंनी लावल्या आणि जुन्या ट्यूबच्या बारीक पट्ट्या कापून वरून गुंडाळल्या. काम बघण्यासारखं झालं होतं, खोटं कशाला बोलू. आणि दुखऱ्या पायाला पाणी लागू द्यायचं नाही, हे तर आमच्याकडे सगळ्यांना ठाऊक. माझा स्वतःचा गुडघा फुटला होता तेव्हा आईने मला पंधरा दिवस आंघोळ घातली नव्हती. म्हणून मी टब रिकामा करून भिंतीला टांगला. प्यायला म्हणून पाण्याची एक उथळ वाटी ठेवली. त्यातही ते डोकं बुडवून पाणी पाठीवर उडवायला लागलं, तेव्हा पिऊन झालं की वाटीही उचलायला लागलो.

चार दिवसांत उतार पडायला हवा होता. पडला नाही. आठ दिवसांत ते चालायचंच थांबलं. एका जागी बसून राहायचं, पिसं मळकट, दाणे चोचीत घेऊन परत टाकून द्यायचं. मला काही उलगडा होईना. पट्टी सैल झाली म्हणावं, तर नव्हती. घट्ट झाली म्हणावं, तर मी दोनदा सोडून बांधली. चाक आऊटला असलं तर तार कसली की लगेच दिसतं, सुधारलं की बिघडलं. इथे मी रोज काहीतरी कसत होतो आणि काय हलतंय तेच दिसत नव्हतं.

तिचा फोन दर रविवारी यायचा.

"कसं आहे जी माझं बदक?"

"मजेत," मी म्हणालो.

फोन ठेवल्यावर बायको नुसतं म्हणाली, "मजेत." आणि भाजी निवडायला लागली.

मी का खोटं बोललो? तेव्हा वाटलं, पोटुशी बाई आहे, तिला कशाला घोर लावायचा. पण खरं तर शब्द दिला होता तो तोंडातून निघेना. 'तुझं बदक माझ्याकडे लंगडं झालं' हे वाक्य मी मोरीत एकटा असताना म्हणून बघितलं. तिथेसुद्धा अर्धवट राहिलं.

पुढच्या रविवारी तिने चेहरा दिसणारा फोन केला. मी बदकाची मान आणि पाठ तेवढी दिसेल असा फोन धरला.

"उठवा ना जी त्याले, चालताना पाहाचं आहे."

"झोपलंय ते."

"डोळे तर उघडे आहेत!"

"बदकं अशीच झोपतात," मी म्हणालो. बदकांच्या घरात वाढलेल्या मुलीला मी हे सांगितलं. पलीकडून तिने चेहरा फोनच्या आणखी जवळ आणून बदकाकडे बघितलं. मग म्हणाली, "बरं काकाजी," आणि फोन ठेवला.

त्या दुपारी बायकोने भाजीची मोठी करंडी रिकामी केली, तळाला माझा जुना सदरा अंथरला, बदक त्यात बसवलं आणि म्हणाली, "मी जनावरांच्या डॉक्टरकडे निघाले. यायचं तर या, नाहीतर तुमच्या चाकाजवळ बसा."

डॉक्टर म्हणजे एक तरुण मुलगी. माझी कामट्यांची पट्टी बघून म्हणाली, "हे कुणी बांधलं? फार सुबक बांधलंय." मला बरं वाटलं. मग तिने ती कात्रीने कापून केराच्या डब्यात टाकली.

"हाडाला काही झालेलं नाही. आणि दुखणारा पाय हा नाहीच." तिने बदक उताणं केलं आणि डावा पंजा उलटा करून दाखवला. खाली मधोमध सूज होती आणि तिच्यावर काळी खपली, वाटाण्याएवढी. "खरखरीत जमिनीवर चालून होतं असं. घरी कोबा आहे का?"

होता. पाय घसरू नये म्हणून मीच गवंड्याकडून मुद्दाम खरखरीत करून घेतला होता.

"चांगला पाय तुम्ही बांधून टाकलात, त्यामुळे सगळा भार दुखऱ्यावर आला. दिवसातून किती वेळ पाण्यात असतं?"

"पाण्यात? पाय दुखत असताना?" मी म्हणालो. "मी एक थेंब लागू दिला नाही."

तिने आधी माझ्याकडे, मग बायकोकडे बघितलं. "आजोबा," ती म्हणाली, "ते बदक आहे."

बायको तोंडाला पदर लावून बाहेर गेली. मला वाटलं रडते आहे. रिक्षात कळलं, हसत होती.

मी घरी आलो आणि पायरीवर बसून राहिलो. तीन आठवडे मी त्याची सेवा करत होतो की त्याला छळत होतो, हे मला ठरवता येईना. मन लावून केलं होतं, त्यात शंका नाही. हात चुकले नव्हते, बांधलेलं सुटलं नव्हतं. पाय चुकला होता. सायकलवाल्याच्या आयुष्यात अशी चूक होत नाही. पुढचं चाक पंक्चर असताना मागचं कुणी खोलत नाही.

मग खरं औषधपाणी सुरू झालं. दुकान बंद केलं तेव्हा घरी आणलेलं एक घमेलं होतं, पंक्चर शोधायला ट्यूब बुडवायचं. त्यात कोमट पाणी आणि डॉक्टरीणबाईंनी दिलेलं मीठ घालून बदकाला सकाळ-संध्याकाळ उभं करायचं. मग पंजा टिपून मलम, वर मऊ पट्टी. अंगणात जुनी गादी उसवून अंथरली. टब भिंतीवरून उतरवला आणि काठोकाठ भरला.

पहिल्यांदा टबात सोडलं तेव्हा ते क्षणभर थांबलं, जणू मी पुन्हा काढून घेईन असं वाटत असावं. मग त्याने जे काही केलं, त्यात माझं धोतर, भिंत आणि वाळत घातलेले पापड सगळं भिजलं. मी वाकून पाण्यात बघितलं. दोन्ही पाय सारखेच चालत होते. डावा, उजवा, डावा, उजवा, अगदी एकसारखे. बाहेर काढलं की लंगडं, आत ठेवलं की धड. पाय तोच, दुखणं तेच, आणि पाण्यात ते जातं कुठे? मी बराच वेळ बघत बसलो. अजूनही ते मला नीट समजलेलं नाही.

खपली पडायला दोन महिने लागले. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, थोडी कसर राहील कदाचित, मलम लावत राहा. राहिली. घाईत चालताना डावा पाय अजून किंचित आखडतो. मी अंगणात पालथा न पडताही मला दिसतो.

बाळ दोन महिन्यांचं झाल्यावर ती परत आली. मुलगी झाली होती. ती रिक्षातून उतरली, बाळ नवऱ्याकडे दिलं आणि आधी बदकाकडे धावली. ते मान लांब करून ओरडत तिच्याकडे गेलं, इतक्या घाईने की कसर असली तरी कुणाच्या लक्षात आली नसती. बायको माझ्याकडे बघत होती. गप्प बसलो असतो तर बसता आलं असतं.

"ते लंगडं झालं होतं," मी म्हणालो. "माझ्याकडे असताना. आता बरं आहे, पण थोडं राहिलंय."

तिने बदक उचललं, दोन्ही पंजे उलटे करून बघितले. बोट फिरवलं.

"पाय तर बरा केला जी तुम्ही. चांगला केला." मग माझ्याकडे बघून म्हणाली, "पण फोनवर खोटं कायले बोलले? मले दिसत होतं ना. माहीत होतं मले, काहीतरी झालं म्हणून. मले वाटलं, मेलं. मेलेलंच हातात धरून दाखवता काय, असं वाटलं. पुढच्या रविवारी फोन लावाची हिंमत नाही झाली. शेवटी यांनी रात्री येऊन पाहिलं, तेव्हा कळलं मले, जिवंत आहे."

खरंच, त्यानंतर तीन आठवडे तिचा फोन आला नव्हता. मला वाटलं होतं, बरं झालं, बाळंतपणाच्या गडबडीत विसरली.

पायाबद्दल विचारलं असतं तर उत्तर तयार होतं, डॉक्टरचे कागदही काढून ठेवले होते. ती बदक घेऊन वर गेली. चार दिवस बायकोशी बोलली, पण माझ्याशी नाही. बायकोने विचारलं तर म्हणाली, "रागावली नाही जी." हेही मला समजलं नाही. जे बिघडलं ते मी दुरुस्त केलं होतं, आणि जे दुरुस्त करायचं होतं ते बिघडलंय हेच मला कळलं नव्हतं.

पाचव्या दिवशी तिने जिन्यातून हाक मारली. "काकाजी, वर या. मलम लावाचं आहे, कोणता पाय ते दाखवा."

खपली गेल्यावर दोन्ही पंजे सारखेच दिसतात, ते खरं आहे. मी वर गेलो, फरशीवर मांडी घातली, तिने बदक माझ्या मांडीत दिलं. मी डावा पंजा वर केला. "हा," मी म्हणालो. आणि मग कुणी विचारलं नसताना म्हणालो, "मी तीन आठवडे दुसराच बांधून ठेवला होता. आणि पाण्यातही सोडलं नव्हतं. एक थेंब लागू दिला नव्हता."

तिने बाळाला खांद्यावर घेतलं होतं. थापटणं थांबलं.

"बदकाले?" ती म्हणाली.

"बदकाला."

ती माझ्याकडे बघत राहिली. हसू आवरत होती की राग, ते मला तिच्या तोंडावरून कळेना. मग तिने मलमाची नळी माझ्या हातात दिली आणि म्हणाली, "लावा. रोज तुम्हीच येऊन लावत जा. मी उभी राहून पाहीन."