चादरीतलं भोक

आमच्या चौकात बसथांब्यामागे शिलाई मशीन टाकून बसतात त्या टाचणीबाई. ओठांत कायम टाचण्या, त्यामुळे बोलणं कमी आणि जे निघतं ते टोचणारं. नवऱ्याने वाऱ्यावर सोडलं तेव्हा नणंदेचं पडून असलेलं मशीन उचललं आणि दोन्ही मुली त्याच पायडलवर वाढवल्या. धाकटीच्या गणवेशाची बाही वाकडी दिसली म्हणून तिला शाळेच्या फाटकातच उभी करून बाही उसवणारी ही बाई. वाकडा टाका दिसला की हिचा जीव खालीवर होतो.

हा चौक पार्किंगला द्यायचं घाटत होतं. अर्ज झाले, भाषणं झाली, कुणी ढुंकून पाहीना. मग चौक लोकांचा आहे हे दिसावं म्हणून मी दोन खांबांना एक भलीमोठी चादर टांगली आणि फळ्यावर लिहिलं, 'जुन्या कपड्याचा तुकडा आणा, इथे आपल्या हाताने जोडा.' कालपर्यंत एकमेकांना धक्के मारून बसमध्ये चढणारी माणसं शेजारी बसून सुया ओवायला लागली. कापून द्यायला टाचणीबाई होत्याच. फक्त माणसाने पाठ फिरवली की या त्याचे टाके उसवून सरळ घालायच्या. मी पकडलंच एकदा.

“अहो, लोकांचं काम लोकांना करू द्या की!”

“माझ्या मशीनसमोर लटकणार ना हे? नावं मला ठेवतील, ताई. तुम्हाला नाही.”

समोरच्या इमारतीचे वॉचमन काका एका सकाळी ड्यूटीवर जाताना शर्ट देऊन गेले. “यातला तुकडा काढून ठेवा बाई, सुटल्यावर जोडतो.” कुठला तुकडा, ते ना त्यांनी सांगितलं ना हिने विचारलं. हिने पाठीचा स्वच्छ चौकोन काढला. एका बाहीच्या कोपरावर लाल दोऱ्याचे कसेतरी टाके होते, कोंबडीने पाय उमटवल्यासारखे. ती बाही चिंध्यांत गेली आणि चिंध्या रोजच्यासारख्या शेजारच्या गॅरेजात, तेल पुसायला.

संध्याकाळी काकांनी चौकोन उलटसुलट केला.

“कोपर कुठाय?”

“कसलं कोपर?”

“आमच्या हिने शिवलेलं. सुई कशी धरतात ते तिला माहीत नव्हतं, आयुष्यात तेवढं एकच शिवलं. ती गेली. म्हटलं, इथे चौकात राहील.”

टाचणीबाईंनी तोंडातल्या सगळ्या टाचण्या काढल्या. “आहे. घरी ठेवलंय. उद्या या,” म्हणाल्या आणि काका वळताच गॅरेजकडे धावल्या.

गॅरेजवाल्याने पिंपातली राख दाखवली. “चिंध्याच ना त्या? जाळल्या.”

दुसऱ्या दिवशी त्यांनी त्याच शर्टाच्या पुढच्या भागातून तुकडा कापला, त्याला भोक पाडलं आणि लाल दोऱ्याने वाकडंतिकडं शिवायला बसल्या. मुद्दाम वाकडं शिवताना बाईंना घाम फुटला.

“ताई, पाप का हो हे?”

“म्हाताऱ्याचं समाधान होतंय ना? मग शिवा,” मी खेकसले. मला चादर पुरी करायची घाई होती.

काकांनी त्या टाक्यांवरून अंगठा फिरवला, तुकडा मधोमध जोडला आणि गेले. तेव्हापासून त्यांची सायकल दिसली की टाचणीबाई मशीनखाली काहीतरी शोधायला लागायच्या. लोकांचे टाके उसवणं बंद. डब्यातली पोळी तशीच घरी परत.

मी चिडले. “आता पुरे झालं! माणूस खूश आहे.”

“खूश नाही तो. रोज जाताना थांबतो, माझ्याकडे बघतो. काहीतरी मागायचं असल्यासारखा.”

शेवटी एका सकाळी काका थांबले आणि बाई उठून रांगेतल्या लोकांदेखत बोलल्या, “काका, ते कोपर खोटं आहे. मी शिवलंय. खरं माझ्या हातून जळलं.”

“खोटं आहे ते माहीत होतं. ती डावरी होती, बाई. तिचे टाके उलट्या बाजूला कलायचे.”

“मग बोलला का नाहीत?”

“तुम्ही म्हणालात, घरी ठेवलंय. म्हटलं चुकून दुसरंच दिलं असेल. खरं सापडलं की देतील. रोज वाट बघत होतो.”

बाईंनी कात्री उचलली आणि तो तुकडा काढायला चादरीकडे वळल्या.

“तुकडा राहू दे, शर्ट माझाच आहे,” काका म्हणाले. “टाके तेवढे काढा.”

बाईंनी लाल दोरा एकेक टाका करून उसवला. त्यांनीच पाडलेलं भोक उघडं पडलं. काकांनी सायकल काढली. त्या दिवसापासून ते पलीकडच्या फुटपाथने जातात.

चादर अजून टांगलेली आहे. परवा एक पोरगी छानसा फुलाफुलांचा तुकडा घेऊन आली.

“मावशी, इथे भोक आहे. लावू का?”

“नको.”

“कुणी पाडलं हो?”

“मी,” टाचणीबाई म्हणाल्या. मशीनसमोर बसल्या आणि टाचण्या पुन्हा ओठांत धरल्या.